शाळेचा पट घटतो, तेव्हा दोष कोणाचा?

तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या शाळेत सहावीचा पट घटला, की अधिकारी म्हणतात, 'पालकांनाच ही शाळा नको.' पालक म्हणतात, 'तेथे गणित शिकविणारा शिक्षकच नाही.' दोघेही खरे बोलतात. परंतु आधी काय घडले, याची चौकशी कोणी करीत नाही. कारण आणि परिणाम यांची गल्लत करणारा दावा न्यायालयात टिकत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र तीच गल्लत धोरण बनली आहे.

क्रम असा आहे. पट घटला म्हणून शिक्षकाचे पद जाते. उरलेला शिक्षक दोन-तीन वर्ग एकटा सांभाळतो. ज्याच्यापाशी फी भरण्याची ऐपत आहे, तो पालक मुलाला खासगी शाळेत नेतो. पट आणखी घटतो. शेवटी बाकांवर उरतात ती वीटभट्टीवरील मजुराची, सफाई कामगाराची, धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुले. मग त्यांच्या गुणांकडे बोट दाखवून शाळा निकृष्ट ठरविली जाते. ज्यांना शिकविलेच नाही, त्यांच्या परीक्षेत नापास कोण होतो? मुले नव्हेत, शासन!

कायदा काय सांगतो? २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीस प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा; विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक हवा. पस्तीस मुलांमागे एक, हे प्रमाण त्यानंतरचे. म्हणजे संसदेने आधी वर्ग व विषय मोजले, मग डोकी. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदे पटसंख्येशी अधिक कठोरपणे जखडली, तेव्हा हा क्रमच उलटला.

शासन म्हणेल, दहा मुलांसाठी तीन शिक्षक परवडत नाहीत. हा युक्तिवाद हसून उडविण्याजोगा नाही. पण मूलभूत हक्काला घाऊक आणि किरकोळ असे दोन भाव नसतात. शाळा एकत्र करावयाच्याच असतील, तर आधी मुलांना वाहन द्यावे, मग दाराला कुलूप लावावे.

१९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी शाळेत शिरलेली मुले मध्येच गळतात, याकडे लक्ष वेधले होते. तो प्रश्न आजही दाराशी उभा आहे.

आणि आपण? मी अशाच शाळेतून विधी महाविद्यालयापर्यंत पोहोचलो. माझी मुले मात्र त्या शाळेत गेली नाहीत. आम्ही शिकलेल्यांनी आपली मुले काढून नेली, तेव्हा तक्रारअर्ज लिहू शकणारा हातही शाळेतून निघून गेला. ही कबुली मी स्वतःस वगळून देत नाही.

तो हात परत नेता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम २१ सांगते. त्या बाईंना कोऱ्या कागदावर अंगठा द्यावयास लावू नका. ठराव वाचून दाखवा. रिक्त पदाची लेखी तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करा. निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. अर्जाची पोच मागून घ्या. आपले मूल त्या वर्गात नसेल, तरी अर्ज आपणच लिहावयाचा आहे.