सरपंच कोणी निवडावा, आणि मते कशी मोजावी?

राज्यपद्धती चांगली कोणती, हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या विद्वानांनी चघळावा आणि शेतकऱ्याने व कारागिराने त्यात तोंड घालू नये, अशी एक समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाही. अध्यक्षीय पद्धती बरी की संसदीय, हा जो मोठा वाद म्हणून सांगतात, तोच वाद आमच्या गावच्या पारावर गेली कित्येक वर्षे चालला आहे. तेथे त्याचे नाव मात्र निराळे आहे. सरपंच थेट लोकांनी निवडावा, की निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावा, एवढाच तो वाद. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली सरपंच थेट लोकांतून निवडण्याचा कायदा केला. २०२० साली दुसऱ्या सरकारने तो रद्द करून निवड सदस्यांच्या हाती परत दिली. आणि २०२२ साली तिसऱ्या सरकारने थेट निवडणूक पुन्हा आणली. पाच वर्षांत एकाच शेतावर तीनदा नांगर फिरला! तेव्हा शेताच्या धन्याने, म्हणजे गावकऱ्याने, या प्रश्नाचा विचार आता आपल्या डोक्याने करावा, म्हणून आज हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम थेट निवडणुकीची बाजू घेऊ. सदस्यांतून सरपंच करावयाचा म्हणजे काय होते, हे गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. नऊ सदस्यांची पंचायत असली तर पाच जणांची मोट बांधावी लागते. मग निवडीच्या आधी आठ दिवस हे पाच जण गावात दिसत नाहीत. कोणी म्हणतो देवदर्शनास गेले, कोणी म्हणतो समुद्र पाहावयास गेले. परत येतात ते थेट मत द्यावयास. ‘अडीच वर्षे तुझी, अडीच वर्षे माझी’ असे करार होतात, आणि पहिली अडीच वर्षे सरली की अविश्वासाचा ठराव दारात उभा! या बाजारात गावाचे काम कोणास आठवणार? थेट निवडणुकीने हा बाजार उठतो, हे आम्ही मान्य करितो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लोकांनी निवडलेला सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, असे झाले म्हणजे एका गाडीस जुंपलेले दोन बैल दोन दिशांस ओढू लागतात. अशा सरपंचास दूर करणेही सोपे नाही. पहिल्या दोन वर्षांत त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. पुढे आणला तरी तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करावा लागतो, आणि त्यावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब करावे लागते. निवडणाऱ्या लोकांच्याच हाती काढण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व रास्त आहे. तथापि तोपर्यंत रोजचा हिशेब विचारावा कोणी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे मांडिला, तेव्हा नेमका हाच तराजू हाती धरिला होता. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक आणि इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक. दोन्ही सारख्याच मापाने देणारी पद्धती अद्याप कोणास साधलेली नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. अमेरिकेत राज्यकर्त्याचा हिशेब मुदत संपल्यावर होतो. संसदीय पद्धतीत तो मुदतीअखेर मतदार घेतात आणि रोजच्या रोज प्रश्न व ठराव यांच्या द्वारे सभासद घेतात. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीस वरचे स्थान दिले.

आता आमच्या कारागीर बांधवांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सरपंचाची खुर्ची एक असते, आणि एका खुर्चीचे वाटे पडत नाहीत. साऱ्या गावाचे मत घ्या की नऊ सदस्यांचे घ्या, ती खुर्ची बहुधा ज्याची भावकी मोठी त्याच्याकडेच जाणार. खुर्चीवर राखीव पाळी आली म्हणून एखाद्या लहान जातीचा मनुष्य तीवर बसला, तरी मागून हुकूम सोडणारा कोण, हे गावास ठाऊक असते. पंचायतीच्या नऊ जागा मात्र पंगतीच्या पानांसारख्या आहेत. वाढणाऱ्याच्या मनात न्याय असेल तर तेथे सर्वांस बसता येईल. म्हणून सरपंच कोणी निवडावा यापेक्षा पंचायतीत कोण बसते, हा प्रश्न मोठा आहे. आणि पंचायतीत कोण बसते हे मते कशी मोजतात यावर ठरते.

मताचा इतिहास आमच्या लोकांनी विसरू नये. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्याखाली मुंबई कायदेमंडळात निवडून द्यावयाच्या ८६ जागा होत्या. त्यांपैकी ४६ सामान्य बिगरमुसलमान मतदारसंघांच्या होत्या, आणि त्या ४६ पैकी ७ जागा मराठे व तत्सम जातींसाठी राखून ठेविल्या होत्या. त्या सहज मिळाल्या नाहीत. त्यांसाठी बहुजनसमाजास अर्ज, सभा व शिष्टमंडळे करावी लागली. पण मत कोणास होते? खेड्यात मताचा मुख्य आधार जमिनीचा सारा. ज्याची जमीन ३२ रुपये साऱ्याची त्यास मत. रत्नागिरी व पंचमहाल अशा जिल्ह्यांत १६ रुपयांची. ज्या कुंभाराची मालमत्ता म्हणजे एक चाक, आणि ज्या लोहाराची मालमत्ता म्हणजे एक ऐरण, त्याने साऱ्याची पावती आणावी कोठून? राखीव जागा आली. तरी तीसाठी मत देणारा मनुष्य मतदारांच्या यादीबाहेरच राहिला.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून घटनेने प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषास मत दिले. साऱ्याची अट गेली, हे केवढे मोठे काम झाले! पाटीलकीचेही तेच. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेचे मुलकी पाटीलपद गेले आणि गावचा कारभार जन्मावरून मतावर आला. परंतु मत हाती येणे निराळे आणि मताचे फळ पदरात पडणे निराळे. ज्यास सर्वांत अधिक मते तोच विजयी, बाकीच्यांची मते मातीत, अशी मोजणी आपण पत्करली. तिचा परिणाम पहा. १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते पडली आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षास सुमारे ३१ टक्के मते पडली आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. पक्ष बदलले तरी मापटे तेच राहिले. आम्ही येथे कोणा पक्षाची तक्रार करीत नाही, मापट्याची करितो.

हेच मापटे गावात कसे चालते? बहुतेक गावांत एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडावयाचे असतात, आणि मतदारास जागा तितकी मते असतात. पण एका जागेस एकच मत. समजा, एका प्रभागात ६०० मतदार आहेत आणि जागा ३ आहेत. त्यांत ४४० शेतकरी घरांतले, आणि १६० सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्या घरांतले. पहिल्या जागेस ४४० विरुद्ध १६०, दुसऱ्या जागेस ४४० विरुद्ध १६०, तिसरीसही तेच. चौथ्या हिश्शाहून अधिक लोक, आणि त्यांच्या वाट्यास शून्य! इतर मागासवर्गीयांची राखीव जागा असली तरी तीवर हक्क सांगणाऱ्या जाती अनेक, आणि त्यांत जी संख्येने मोठी तीच ती जागा नेणार. बळी तो कान पिळी, हा न्याय राखीव जागेच्या आतही शिरतो.

आता मोजणी थोडी बदलून पाहू. मतदारास तीन मते आहेतच. ती तिन्ही एकाच उमेदवारास घालण्याची त्यास मोकळीक द्या. मग १६० कारागीर मतदार आपली तिन्ही मते एका माणसास देतील, तर त्यास ४८० मते पडतील. शेतकरी घरांची मते झाली १३२०. ती तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकास ४४०; आणि दोघांनाच दिली तर प्रत्येकास ६६०. कसाही हिशेब केला तरी दोन जागा शेतकऱ्यांस आणि एक कारागिरांस. कोणाचे काही हिरावले नाही. ज्याचे त्यास मिळाले.

ही कल्पना आम्ही आकाशातून काढलेली नाही. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघांत मते अशीच एकत्र घालण्याची मुभा होती, आणि त्याच मतदारसंघांत राखीव जागाही होत्या. राखीव जागा त्या त्या वर्गातील सर्वाधिक मतांच्या उमेदवारास आधी द्यावी आणि उरलेल्या जागा मतांच्या क्रमाने भराव्या, यात अवघड काहीच नाही.

कोणी म्हणतील, ही मोजणी खेडुतास समजणार नाही. घटनासमितीत जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनीही लोकांच्या निरक्षरतेचे आणि सरकार डळमळण्याचे कारण देऊन ती नाकारली होती. त्या काळी ते कारण खरे होते. आज खेड्यातला मुलगा शिकला आहे, आणि पंचायत म्हणजे दिल्लीचे मंत्रिमंडळ नव्हे. शिवाय आमदार राज्यसभेचे सभासद निवडतात ते प्रमाणशीर पद्धतीने, पसंतीचे क्रम लावून. राष्ट्रपतीची निवडही पसंतीचे क्रम लावूनच होते. स्वतःच्या ताटात बारीक तांदूळ आणि गड्याच्या ताटात कण्या, हा कोणता न्याय? दुसरे कोणी म्हणतील, याने जातीजातींत फूट वाढेल. आम्ही म्हणतो, या मुभेवर कोणा जातीचे नाव लिहिलेले नाही. दूरच्या वाडीवस्तीवरचे लोक, भूमिहीन मजूर, पाण्यासाठी वणवण करणाऱ्या स्त्रिया, यांपैकी जे कोणी एक होतील त्यांस तिचा उपयोग आहे. मात्र दहा घरांत चार उमेदवार उभे राहिले तर कोणताच कायदा तारणार नाही. एकी करणे हे आपले आपणच करावयाचे काम आहे.

ज्यांची गावात दोनच घरे आहेत त्यांस मात्र कोणत्याही मोजणीने जागा मिळणार नाही. त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे. कायद्याने ती वर्षात चार वेळा तरी भरलीच पाहिजे. तीस गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेवढे तरी खरोखर जमतात काय? की वहीवर सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात? बांधवहो, सही करण्यापूर्वी वही वाचावी.

शेवटी आमच्या शेतकरी बांधवांस दोन शब्द. आपल्या वाडवडिलांनी कायदेमंडळात वाटा मागितला तो कोणत्या आधारावर? संख्या असून आम्हांस कोणी विचारीत नाही, या आधारावर. आज गावात संख्या आपल्या हाती आहे. ज्या लोहाराने आपला फाळ शेवटला आणि ज्या सुताराने आपली तिफण घडविली, त्यास पंचायतीत एक पान मांडण्याने आपली पंगत मोडत नाही. तो न्याय आपण खालच्यास दिला नाही, तर वरच्यापाशी तो मागण्यास तोंड राहणार नाही.

म्हणून आमचे मागणे असे. प्रभागातील मते एकत्र घालण्याची मुभा कायद्याने द्यावी. अशा रीतीने सर्वांची पंचायत बनली म्हणजे सरपंच तिनेच निवडावा, पण उघड हात वर करून, म्हणजे सहलीचा बाजार उठेल. आणि त्यास काढण्याच्या ठरावावर शेवटचा शब्द आजच्यासारखाच ग्रामसभेचा असावा. येत्या ग्रामसभेत हा ठराव कोणी तरी मांडावा, आणि त्यास अनुमोदन देणारा पहिला हात शेतकऱ्याचा असावा.