पासवर्ड जतन करायचा का?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या गुंदसारख्या गावात संगणक घरोघरी नसतो. तो असतो शाळेत, पंचायतीच्या वाचनालयात, नाहीतर सेवा केंद्रात. त्याच खुर्चीवर सकाळी कोणी ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावरून पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढतो, दुपारी कॉलेजची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. दोघांनाही ब्राउझर विचारतो, पासवर्ड जतन करायचा का? मागे रांग असते. घाईत ‘हो’ दाबलं जातं आणि पुढच्या माणसासमोर आधीच्याचं खातं उघडं पडतं.

यावर ‘जनजागृती करा’ हा सल्ला ठरलेला. मला तो पटत नाही. वर्षातून एकदा संगणकासमोर बसणाऱ्यावर ही जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. हे काम यंत्र बसवणाऱ्याचं, आणि ते एकदाच करायचं असतं. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या ६० व्या आवृत्तीपासून ‘पॉलिसीज डॉट जेसन’ नावाच्या एका छोट्या फाइलची सोय आहे. त्यात लिहिलेले नियम त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला लागू होतात. क्रोमलाही अशी सोय आहे, विंडोजवर ग्रुप पॉलिसी आहे. फाइल प्रशासकाच्या ताब्यातल्या फोल्डरमध्ये असल्याने साध्या खात्यातून ती बदलता येत नाही. यासाठी वेगळे पैसेही पडत नाहीत.

नियम करायची वेळ आली की आपल्याकडे आधी आठवते ती बंदी: अमुक साइट नको, तमुक नको. माझ्या मते पहिला नियम पासवर्ड न साठवण्याचा हवा. दुसरा, ब्राउझर बंद होताच इतिहास आणि कुकीज पुसण्याचा. पण केंद्रावर ब्राउझर सकाळी उघडला की संध्याकाळीच मिटतो, मग पुसलं जाणार कधी? म्हणून माणूस बदलला की ब्राउझर बंद करायची शिस्त चालकालाच पाळावी लागेल. डाउनलोड केलेली आधारची प्रतही फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. ती या दोन नियमांनी जात नाही. त्यासाठी बाहेर पडताच सगळं पुसणारं पाहुण्यांचं खातं संगणकावर वेगळं करावं.

सगळंच कुलूपबंद करणं मात्र चुकीचं. जोयड्यात घरात कोकणी, कोणाकडे मराठी आणि कचेरीत कन्नड चालते. चष्म्याचा नंबर वाढलेल्या आजोबांना अक्षर मोठं हवं असतं. अशा गोष्टींत सुरुवातीचा पर्याय आपण ठरवावा, पण बदलायची मुभा ठेवावी. दोन्ही ब्राउझरांत हा भेद आहे: फायरफॉक्समध्ये एखादी सेटिंग ‘लॉक्ड’ ठेवता येते किंवा नुसती ‘डीफॉल्ट’, लिनक्सवरच्या क्रोममध्ये सक्तीच्या आणि शिफारशीच्या नियमांचे फोल्डरच वेगळे आहेत. माणसाची सुरक्षा सक्तीच्या बाजूला, त्याची सोय शिफारशीच्या बाजूला, एवढी वाटणी मला पुरेशी वाटते.

ही सूक्ष्म कामं सरकारी पातळीवर होत नाहीत, असं कोणी म्हणू नये. केरळने शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली तयार करून ती राज्यभर वापरली आहे. कर्नाटकाला आणि महाराष्ट्रालाही पंचायतींच्या यंत्रांसाठी अशी एक तयार नियमफाइल देणं अवघड नाही.

तोवर शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि केंद्रचालकांना एक विनंती. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, त्यापुढे विसर्गासारखा अपूर्णविराम आणि ‘पॉलिसीज’ असं इंग्रजीत टाइप करा. यादी रिकामी दिसली, तर यंत्र बसवून देणाऱ्याला आजच फोन करा.