वाटणीपत्र आधी वाचा, गुलाल मग उधळा



वेगळ्या विदर्भाचा ठराव जिल्हा बैठकीत आला की हात वर होतात, घोषणा होतात आणि ठराव पास होतो. आम्हीही हात वर करतो. या मागणीला आमचा पाठिंबा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण ठरावात एकच ओळ असते: वेगळे राज्य झालेच पाहिजे. ते राज्य कोणत्या कायद्याने होणार आणि त्या कायद्यात काय लिहिलेले असणार, याची चर्चा आमच्या बैठकांत होत नाही. हे बरे नव्हे.

दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हा काय होते ते आपल्याला चांगले माहीत आहे. धुरा कुठून टाकायचा, विहिरीच्या पाळ्या कशा लावायच्या, बैलजोडी कोणाकडे जाणार, सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर चढणार, हे सगळे आधी ठरवावे लागते. ते कागदावर न आणता जो नुसती चूल वेगळी मांडतो, त्याची पुढची वीस वर्षे तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात जातात. राज्याच्या वाटणीचेही असेच आहे. फरक एवढाच की तिथे वाटणीपत्र दिल्लीत लिहिले जाते.

नवे राज्य करण्याचा अधिकार घटनेच्या कलम 3 ने संसदेला दिला आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक मांडले जाते. ज्या राज्याचे तुकडे व्हायचे, त्याच्या विधिमंडळाकडे ते मत मागण्यासाठी पाठवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. साधे बहुमत पुरते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेविरुद्ध बाबूलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांचे म्हणणे असे की संसदेने मूळ विधेयक बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य केले, तेव्हा विधिमंडळाला पुन्हा विचारायला हवे होते. न्यायालयाने 1959 साली ते फेटाळले. म्हणजे मुंबईची विधानसभा विदर्भाला अडवू शकत नाही. पण वाटणीपत्रात काय लिहावे यावर आपलाही हक्क नाही. विधेयक तयार होत असताना जो दिल्लीत रेटा लावील, त्याचे चार शब्द त्यात पडतील. एकदा नियत दिवस उजाडला की मग नुसत्या अर्जविनंत्या उरतात.

आपल्याला शिकायला पैनगंगेपलीकडचा शेजारी आहे. तेलंगणाही आपल्यासारखाच कोरडवाहू, कापसाचा आणि आत्महत्यांचा मुलूख. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये विधेयक नाकारले, तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले. लोकसभेत ते गोंधळात, थेट प्रक्षेपण बंद असताना पास झाले. 2 जून 2014 ला राज्य झाले. त्या कायद्यात जे नेमके लिहिले होते ते बहुतेक झाले, आणि जे मोघम ठेवले ते अजून भांडणात आहे.

विजेचे पाहा. तेलंगणाची लोकसंख्या अखंड राज्याच्या 41.68 टक्के. वीज त्याच प्रमाणात वाटली असती तर विहिरीवर आणि बोअरवर चालणारी तिथली शेती मेली असती. प्रत्यक्ष वापर धरून वाटणी झाली आणि तेलंगणाच्या वाट्याला 53.89 टक्के वीज आली. हा फरक मोर्चाने पडला नाही, वाटणीचे माप कोणते धरायचे या एका मुद्द्याने पडला.

पाण्याचे मात्र उलट झाले. कृष्णेचे 811 टीएमसी पाणी अखंड आंध्रला होते. त्यात तेलंगणाचा हिस्सा किती, हा आकडा कायद्यात घातलाच नाही. मंडळे नेमू, लवाद ठरवील, एवढेच लिहिले. 2015 मध्ये 512 आणि 299 अशी तात्पुरती वाटणी झाली. मंडळाचे कार्यक्षेत्र ठरवणारी अधिसूचना निघाली जुलै 2021 मध्ये, म्हणजे राज्य होऊन सात वर्षांनी. 30 नोव्हेंबर 2023 ला तर आंध्रचे पोलिस नागार्जुनसागर धरणावर शिरले आणि त्यांनी पाणी सोडून घेतले. शेवटी तिथे केंद्रीय राखीव दल बसवावे लागले. विहिरीच्या पाळ्या न लिहिलेल्या भावांचे जे होते तेच झाले, फक्त विहीर मोठी होती.

आणि तोंडी शब्दाची किंमत किती, हे आंध्रला विचारा. 20 फेब्रुवारी 2014 ला खुद्द पंतप्रधानांनी राज्यसभेत उभे राहून उरलेल्या आंध्रला पाच वर्षे विशेष दर्जा देण्याचे आश्वासन दिले. कायद्यात ते नव्हते. तो दर्जा मिळाला नाही.

आपण तर या शाळेत त्यांच्या आधी शिकलो आहोत. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. ते बाजूला राहिले आणि 1953 च्या नागपूर कराराच्या भरवशावर आपल्याला आत घेतले. करार पुढाऱ्यांचा होता, कायदा नव्हता. पुढे 1956 मध्ये घटनेत कलम 371 (2) आले. त्यात वैधानिक विकास मंडळांची सोय केली, पण ती केलीच पाहिजेत असे म्हटले नाही. मंडळे प्रत्यक्षात आली 1994 मध्ये, अडतीस वर्षांनी. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. मधल्या काळात, 1984 साली, दांडेकर समितीने अनुशेष मोजून हातात दिला. मोजणी झाली म्हणून पाणी शिवारात आले नाही.

आता कर्जाचा मुद्दा. आंध्रच्या वाटणीत सरकारी कर्ज मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले गेले. आपण हे डोळे मिटून मान्य करायचे का? ज्या मुलुखाचा सिंचनाचा अनुशेष आहे, त्याच्यावर खर्च कमी झाला हे सरकारच्याच समितीने सांगितले. खर्च दुसरीकडे आणि कर्ज मात्र डोकी मोजून आपल्याकडे, ही कसली वाटणी? ज्या प्रकल्पासाठी कर्ज काढले, तो प्रकल्प ज्या राज्यात, कर्जही त्याच राज्याकडे. हे विधेयकात लिहून घ्यावे लागेल.

सगळ्यात कमी बोलले जाते ते जुन्या कायद्यांबद्दल. राज्य नवे झाले तरी कायदे जुनेच राहतात. नवी विधानसभा बदलीपर्यंत तेच चालू, असे कलम पुनर्रचनेच्या कायद्यात असते. गोवा 30 मे 1987 ला केंद्रशासित प्रदेशाचे राज्य झाला, पण पोर्तुगिजांच्या काळचा नागरी कायदा तिथे आजही चालतो. आपल्याकडे महाराष्ट्र होऊन इतकी वर्षे झाली, तरी कूळकायदे तीन आहेत: पश्चिम महाराष्ट्राचा 1948 चा, मराठवाड्याचा हैदराबादी 1950 चा आणि विदर्भाचा 1958 चा. समजा विदर्भ 1985 मध्ये झाला असता, तर कापूस एकाधिकार खरेदीचा 1971 चा कायदाही बंडीत बसून बरोबर आला असता. पैनगंगेपलीकडे कापूस नेणारा शेतकरी नागपूरच्या राजवटीतही चोरच ठरला असता. मुंबईच्या जागी नागपूरचा शिक्का, बाकी सगळे तेच.

म्हणून राज्य झाले की सगळे सुटेल, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. कापसाचा हमीभाव दिल्ली ठरवते, आयात-निर्यातही दिल्लीच्या हातात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क काढले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा आपली पऱ्हाटी शेतात उभी होती. विदर्भाचे राज्य असते तरी मुख्यमंत्र्यांनी एक पत्रच लिहिले असते. त्या लढाईला वेगळे राज्य हा पर्याय नाही. पण बाजार समिती, जमीन आणि पाणी हे राज्याचे विषय आहेत, विजेतही राज्याचा हात आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे निम्मे मरण या चार खात्यांत आहे. ती आपल्या माणसांच्या हाती यावीत म्हणून राज्य हवे. आपली माणसेही तशीच वागली, तर त्यांच्या दारात बसायला मुंबईला जावे लागणार नाही, हाही फायदा लहान नाही.

काही मित्र म्हणतात, आधी राज्य तर मिळू द्या, कलमांचे मागाहून बघू. मागाहून कोणी बघत नाही, हे 1953 पासून आपण पाहत आलो. दुसरे म्हणतात, एवढ्या अटी घातल्या तर राज्य लांबेल. लांबेलही. पेरणी चार दिवस लांबली तर चालते, पण ओल नसताना पेरले तर बियाणेही जाते.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीसाठी आमची सूचना अशी. एका ओळीचा ठराव पुरे झाला. ठरावाला चार कलमे जोडा. पहिले, गोदावरी आणि तापी खोऱ्यांतले आपल्या वाट्याचे पाणी आकड्यात लिहा, मंडळावर सोडू नका. दुसरे, कर्ज प्रकल्पाच्या ठिकाणाप्रमाणे वाटा. तिसरे, विजेची वाटणी करताना कृषिपंपांची गरज आणि आपल्या जिल्ह्यांतली वीजकेंद्रे दोन्ही धरा. चौथे, शेतमालाची विक्री आणि जमीन यांवर बंधने घालणारा प्रत्येक जुना कायदा नव्या विधानसभेने दोन वर्षांत पुन्हा मंजूर करावा, नाही केला तर तो आपोआप संपावा.

खासदार मते मागायला येईल तेव्हा त्याला विदर्भ हवा की नको, हे विचारू नका. हवाच म्हणेल. ही चार कलमे पुढे ठेवा आणि खाली सही मागा. जो सही करील त्याच्याशी पुढचे बोलू.