संसार दोन खंडांत, विवरणपत्र एक

नोकरीतून विमा न मिळणाऱ्या सामान्य माणसाला सरकारी विमाबाजारात पॉलिसी घेता यावी, यास्तव त्याच्या हप्त्याचा काही भार करसवलतीच्या रूपाने सरकारने उचलावा, अशी स्तुत्य तजवीज अमेरिकेच्या २०१० सालच्या आरोग्यविमा कायद्याने केली. परंतु त्याच कायद्याने विवाहितांवर अशी अट लादली की, पती-पत्नींनी प्राप्तिकराचे विवरणपत्र संयुक्तपणे भरले तरच ही सवलत मिळावी, आणि स्वतंत्र भरल्यास, मिळकत कितीही तुटपुंजी असो, एक डॉलरही मिळू नये.

अटीमागील हेतू निराधार आहे असे म्हणवत नाही. पती गडगंज असताना पत्नीने आपले वेगळे विवरणपत्र पुढे करून निर्धनतेच्या सबबीवर साहाय्य घ्यावे, हे कोणत्याच खजिन्याला मानवणारे नाही. पण विवाह म्हणजे एक चूल हे कायद्याचे गृहीतक जेथे वस्तुस्थितीला सोडून असते, तेथे ही अट निव्वळ जाच होऊन बसते.

आपल्या मंडळींना अपरिचित नसलेले उदाहरण घ्या. ग्रीनकार्ड मिळालेली, साठी उलटलेली आई नातवंडांसाठी न्यू जर्सीत लेकीकडे राहते. वडील मात्र निवृत्तिवेतन, एका सदनिकेचे भाडे आणि पुण्याची हवा सोडून तिकडे जायला राजी नाहीत. भारतात पती-पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते, त्यामुळे येथे असा प्रश्नच उद्भवत नाही. तिकडे मात्र आईला सवलत हवी असेल तर वडिलांना, अमेरिकेत पाऊलही न ठेवता, स्वतःस त्या देशाचे करनिवासी मानून घ्यावे, पुण्याची सारी मिळकत तेथील दफ्तरी रुजू करावी, आणि संयुक्त सहीबरोबर संयुक्त देण्याची जबाबदारीही पत्करावी लागते. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरे, तरी एका विमाहप्त्यासाठी केवढा हा खटाटोप!

परित्यक्ता आणि पीडित स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न खटाटोपाचा नसून सुरक्षिततेचा आहे. मारझोड करणाऱ्या नवऱ्याची सही मागायला तिने जावे कसे? २०१४ साली त्यांच्यासाठी अपवाद करण्यात आला, ही जमेची बाजू. पण तो सलग तीन वर्षांपुरताच आहे, आणि घटस्फोटाचे दावे काही तीन वर्षांच्या मुदतीकडे पाहून चालत नाहीत. मूल सांभाळणाऱ्या, वर्षाचे अखेरचे सहा महिने जोडीदारापासून वेगळ्या राहिलेल्या व्यक्तीस कुटुंबप्रमुख म्हणून मोकळीक मिळू शकते. निपुत्रिकेला ती वाटही नाही.

चुकीबद्दलची शिक्षाही आता कठोर झाली आहे. सवलतीची रक्कम बहुधा आगाऊच विमा कंपनीकडे जमा होते आणि हिशेब वर्षअखेरीस विवरणपत्रात होतो. त्या वेळी पात्रता नाही असे ठरले तर परतफेडीला पूर्वी अल्प उत्पन्नवाल्यांसाठी जी कमाल मर्यादा असे, ती २०२६ या करवर्षापासून उठली आहे. मध्यंतरी लागू असलेल्या वाढीव सवलतीही २०२५ अखेर संपल्याने सवलतीसाठीची जुनी उत्पन्नमर्यादा परत आली: २०२६ च्या विम्यासाठी एकट्याला सुमारे ६२,६०० डॉलर, पण दांपत्याला ८४,६००. साठ-साठ हजार मिळवणारे दोघे अविवाहित असता दोघेही मर्यादेच्या आत. त्यांनी लग्न केले की दोघेही बाहेर. विवाहसंस्थेचे गोडवे गाणाऱ्या देशाने हे गणित कसे मांडले, कोण जाणे.

वर्षभर विभक्त निवास असल्याचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, जोडीदाराकडून प्रत्यक्ष येणारी रक्कम तेवढी उत्पन्नात धरावी, आणि पीडितांच्या अपवादाची तीन वर्षांची मुदत काढून टाकावी. एवढी दुरुस्ती झाली तर लबाडीला वाव न देताही न्याय होईल. तोवर तिकडील मराठी कुटुंबांनी नोव्हेंबरात विमानोंदणी सुरू होण्यापूर्वीच विवरणपत्र संयुक्त भरायचे की स्वतंत्र, याचा निर्णय जाणत्या करसल्लागारासमोर बसून करावा. पॉलिसी घेऊन झाल्यावर एप्रिलमध्ये केलेल्या विचाराचा उपयोग होत नाही.