आईबाप म्हणजे 'भेटीस येणारे' काय?

रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या दारावर बहुधा एक पाटी असते : 'भेटण्याची वेळ सायंकाळी पाच ते सहा. एका वेळी एकच व्यक्ती.' मोठ्या माणसांच्या विभागावर ही पाटी असावी की नसावी, हा वाद आम्ही आज बाजूस ठेवतो. परंतु तीच पाटी लहान मुलांच्या विभागावरही लटकते, आणि दोन वर्षांच्या मुलाची आई त्या पाटीपुढे शेजारीपाजारी व कचेरीतील मंडळी यांच्याच रांगेत उभी केली जाते, ही गोष्ट आम्हांस असह्य वाटते. अतिदक्षता विभागात पडलेल्या मुलाचे आईबाप हे भेटीस येणारे लोक नव्हेत; ते उपचाराचेच एक अंग होत. त्यांची शंका ऐकून घेणे हा डॉक्टरांच्या मर्जीचा प्रश्न नसून, त्या शंकेस नियमाने आखून दिलेली वाट असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे ऐकून आमचे वैद्यकीय स्नेही स्मित करतात. त्यांचे आक्षेप ठरलेले आहेत. आईबाप आत आले की जंतू आत येतात. आईबाप घाबरतात, रडतात आणि कामात व्यत्यय आणतात. आणि ज्यास शास्त्र कळत नाही त्याने शास्त्रज्ञास काय सांगावे? यांपैकी शेवटचा आक्षेप वरकरणी सर्वांत बळकट दिसतो, म्हणून प्रथम त्याचाच समाचार घेऊ.

२००१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जोसी किंग नावाची अठरा महिन्यांची मुलगी गरम पाण्याने भाजल्यामुळे दाखल झाली होती. रुग्णालय जगद्विख्यात, डॉक्टर निष्णात. मुलगी सुधारली, अतिदक्षता विभागातून बाहेर आली, घरी नेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. अशा वेळी तिच्या आईच्या ध्यानात आले की, पोर पाण्यासाठी तडफडत आहे. अंग पुसावयास घेतलेले ओले फडके ती तोंडात धरून चोखते. आईने हे पुन्हा पुन्हा सांगितले. तिला उत्तर मिळाले की, सर्व काही ठीक आहे. पुढे तिने हरकत घेतली असताही मुलीस गुंगीचे औषध दिले गेले. शरीरातील पाणी आटून गेलेल्या त्या मुलीचे हृदय बंद पडले आणि ती दगावली.

आता आम्ही विचारतो, या प्रसंगी ज्ञान कोणापाशी होते? यंत्रावर आकडे होते, तक्त्यावर नोंदी होत्या. आईपाशी यांतले काही नव्हते. परंतु तहानलेली जोसी कशी दिसते, हे त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तिला एकटीलाच ठाऊक होते. डॉक्टरांस मुलांचे ज्ञान असते, आईस या मुलाचे असते. पहिले ज्ञान ग्रंथांतून आणि हजारो रुग्णांच्या अनुभवातून येते. दुसरे पाळण्याशेजारी जागून काढलेल्या रात्रींतून. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. पण दुसरे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ती केवळ मातेची हळवी समजूत, असे म्हणणे हे आमच्या मते शास्त्राचे लक्षण नसून शास्त्राच्या अहंकाराचे लक्षण आहे. (हा रोग एकट्या वैद्यकास जडला आहे असे मात्र नाही. विद्यार्थ्याच्या शंकेस उद्धटपणा समजणारे प्राध्यापक आमच्या व्यवसायात पैशाला पासरी मिळतात. फरक इतकाच की, त्यामुळे सहसा कोणाचा प्राण जात नाही.)

जोसीच्या मातेने पुढे आपले दुःख कामास लावले, आणि २००५ साली पिट्सबर्ग येथील एका रुग्णालयात अशी सोय झाली की, रुग्णाच्या आप्तांनी स्वतः दूरध्वनी करून तातडीचे वैद्यकीय पथक खाटेपाशी बोलवावे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताने २००७ मध्ये दगावलेल्या एका बालकाच्या नावाने असाच नियम २०१३ मध्ये केला. इंग्लंडास शहाणपण त्याहूनही उशिरा सुचले. आणि ते ज्या निमित्ताने सुचले ते आपल्या वाचकांनी नीट ध्यानात घेण्यासारखे आहे.

मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली आणि सायकलच्या दांड्याचा मार लागून तिच्या स्वादुपिंडास इजा झाली. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात उपचार चालू असता तिच्या रक्तात जंतुविष भिनले. आईबापांनी काळजी बोलून दाखविली. परंतु मुलीस वेळेवर अतिदक्षता विभागात हलविले गेले नाही, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. वेळीच हलविली असती तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढल्याच वर्षी कॉरोनरने नोंदविला. या मुलीची माता कोण? 'गार्डियन' या प्रसिद्ध वृत्तपत्राची एक संपादिका! जिचा शब्द लक्षावधी लोक वाचतात, तिचा शब्द खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी मनावर घेतला नाही. तिच्या चळवळीमुळे २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत 'मार्था नियम' लागू होऊ लागला. रुग्णाची प्रकृती ढासळत आहे असे आप्तांस वाटले, तर दिवसा वा रात्री दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागण्याचा मार्ग त्याने खुला केला.

आता वाचकांनी आपल्याकडील एखादी आई डोळ्यांपुढे आणावी. ती तालुक्याच्या गावाहून आली आहे. जिन्याखाली सतरंजी पसरून, डबा उशाशी घेऊन ती तीन रात्री बसली आहे. संमतिपत्र इंग्रजीत, त्यावर नवऱ्याने दाखविलेल्या जागी सही केली आहे. दिवसातून एकदा आतून कोणीतरी येऊन सांगते, 'पेशंट स्टेबल आहे,' आणि दार लागते. लंडनच्या संपादिकेस जे साधले नाही ते या बाईस साधावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? आमच्यासारख्या चार इंग्रजी बुके शिकलेल्यांचे एक वेळ निभावते. कोणी ना कोणी ओळखीचा डॉक्टर निघतो, त्याचा फोन जातो आणि दार उघडते. हीच तर खरी आपत्ती होय. दार ओळखीने उघडते याचा अर्थ ते उघडता येते. जंतू काही ओळखदेख पाहून आत शिरत नाहीत.

जंतूंची गोष्ट निघालीच आहे तर तिचाही निकाल लावू. कमी वजनाच्या नवजात अर्भकांस जन्मतःच मातेच्या छातीशी बांधून ठेवावे, आणि त्यासाठी मातेची खाटच अतिदक्षता विभागात आणावी, याचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केला. त्यांत आपल्या दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. अर्भके ३,२११. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, माता जवळ असलेल्या गटात अठ्ठावीस दिवसांच्या आतील मृत्यू शेकडा १२ होते. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे मूल आत आणि माता बाहेर अशा गटात, ते शेकडा १५.७ होते. जंतुविष भिनल्याचा संशयही मातेजवळच्या मुलांत कमीच आला. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की, प्रयोग ठरल्या मुदतीपूर्वी थांबवावा लागला. हा प्रयोग नवजात अर्भकांपुरता आहे, सहा वर्षांच्या मुलास तो जसाच्या तसा लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि 'आई म्हणजे जंतूंची वाहक' ही समजूत, जेथे तिचा धाक सर्वांत मोठा होता तेथेच, टिकली नाही एवढे तरी मान्य करावे लागेल. स्वच्छ हात धुवावयास डॉक्टर शिकतात, परिचारिका शिकतात. आईसच ते साधणार नाही असे कोठे लिहिले आहे?

व्यत्ययाचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. डॉक्टरांवर हात टाकणारे नातेवाईक आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. असल्या गुंडगिरीची तरफदारी आम्ही करणार नाही. एका डॉक्टरामागे वीस खाटा आणि छत्तीस तासांची पाळी हेही आम्हांस दिसते. परंतु आमचा प्रश्न असा आहे की, चार दिवस बंद दाराबाहेर बसवून, दोन शब्दांची वार्ता देऊन, पाचव्या दिवशी एकदम मृत्यूची बातमी सांगितली, तर संशय पिकणार नाही तर काय होईल? आपल्या मुलासाठी माणसे कशी झटली हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यास ती शत्रू वाटणे कठीण. आणि आईची शंका दहांतून नऊ वेळा पोकळ ठरली, तरी बिघडले काय? दुसऱ्या एका डॉक्टराचा पाव तास गेला. दहाव्या वेळेची किंमत त्या पाव तासाच्या मानाने किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आश्चर्य असे की, आमच्या सरकारास हे सर्व मान्य आहे. नवजात शिशूंच्या विशेष विभागात आईबापांस शिकवून आत घ्यावे, मुलाच्या शुश्रूषेत त्यांस सहभागी करावे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ सालीच काढल्या आहेत. रुग्णाच्या आप्तांस माहिती मिळावी, दुसऱ्या डॉक्टराचे मत घेता यावे, हे हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत नमूद आहेत. कागद उत्तम आहेत. दारावरील पहारेकऱ्याने ते वाचलेले नाहीत, आणि त्यास वाचून दाखविण्याची निकड वरिष्ठांस भासलेली नाही.

म्हणून आमची मागणी कागदाची नाही, पाटीची आहे. मुलांच्या अतिदक्षता विभागावरील वेळेची पाटी काढावी आणि तेथे दुसरी लावावी. आईबापांपैकी एकास रात्रंदिवस आत राहता येईल. रोज एकदा डॉक्टर त्यांच्याशी मराठीत, बसून बोलतील. आणि मुलाची प्रकृती बिघडत आहे असे वाटून कोणी ऐकत नसेल, तर अमुक क्रमांकावर विभागाबाहेरील डॉक्टरांस बोलवावे, इतका मजकूर तिच्यावर पुरे. अक्षरे मोठी असावीत. आणि ज्या आईस वाचता येत नाही तिला पहिल्याच दिवशी परिचारिकेने तो मजकूर वाचून दाखवावा, व तो क्रमांक तिच्या फोनमध्ये घालून द्यावा.