व्हिडिओत गाणे घाला, पण धन्याचे नाव लिहा



खरिपाच्या तोंडावर मी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा पाच मिनिटांचा व्हिडिओ केला होता. नुसते बोलणे रुक्ष वाटेल म्हणून मागे एका गाजलेल्या सिनेमाचे गाणे लावले. दोनच दिवसांत गाण्याच्या मालकाची हरकत आली आणि व्हिडिओचा आवाजच बंद झाला. चित्र चालू, बोलणे बंद! एका शेतकऱ्याने त्या मुक्या चित्रावरून अंदाज बांधून आधी रायझोबियम चोळले आणि त्यावर बुरशीनाशक. खरे तर आधी बुरशीनाशक आणि ते सुकल्यावर शेवटी जिवाणू संवर्धक लावायचे असते. उलटे केले की जिवाणू मरतात. त्याचे पाकिटांचे पैसे पाण्यात गेले. चूक त्याची नव्हती, माझी होती.

आज गावोगाव असे व्हिडिओ होतात. ग्रामपंचायतीची जलसंधारणाची कामे, बचत गटाचे पापड, शाळेचे स्नेहसंमेलन, सगळ्याला मागे गाणे हवेच. मोबाईलवर सापडले ते आपले, असा आपला समज. पण बांधावरून जाता-येता ऊस दिसतो म्हणून कुणी मोळी बांधून नेत नाही. (नेणारे असतात, पण ते रात्री येतात.)

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. म्हणजे तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे, पण एखाद्या गायकाने आज गाऊन काढलेले त्याचे रेकॉर्डिंग सर्वांचे नव्हे. गावच्या भजनी मंडळाकडून संमती घेऊन गाऊन घेतले तर उत्तमच, फक्त चाल सिनेमाची नको. आता तशी चाल नसलेले भजन शोधावे लागते, ही गोष्ट निराळी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी एक ध्यानात घ्यावे. शासनाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकृत समारंभात, धार्मिक विधीत, लग्नाच्या वरातीत गाणे वाजवायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती वाजवण्यापुरती. तेच गाणे व्हिडिओत चिकटवून सगळीकडे पाठवायची ती परवानगी समजू नका.

मग करायचे काय? काही कलावंत आपले संगीत स्वतःहून वापरायला देतात, फक्त नाव लिहा म्हणतात. त्यासाठी २००१ साली अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि २००२ च्या डिसेंबरात तिचे पहिले परवाने आले. संगीताजवळ परवान्याची अक्षरे लिहिलेली असतात, ती बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचावे तशी वाचा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी नाही. तेव्हा शेवटी कृषी सेवा केंद्राची जाहिरात असलेल्या व्हिडिओला ते चालणार नाही. ‘एसए’ असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच अटीवर खुला ठेवावा लागतो. ‘एनडी’ मात्र सोडूनच द्या. चित्राला संगीत जोडणे हा त्या परवान्यात बदलच धरला जातो आणि बदललेले पुढे वाटायला तिथे मनाई आहे. ‘सीसी झिरो’ला कसलीच अट नाही.

श्रेय म्हणजे नुसते ‘संगीत साभार’ नव्हे. कुणाचे साभार? केविन मॅक्लाउड हे अमेरिकन संगीतकार आपल्या पुष्कळ रचना अशा देतात. त्यातली एक घेतली तर शेवटच्या पाटीवर असे लिहावे: ‘संगीत: केअरफ्री, केविन मॅक्लाउड, इनकॉम्पेटेक डॉट कॉम, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०, लांबी कमी केली आहे.’ एवढी एक ओळ. चुकून राहिली तर ४.० च्या परवान्यात, चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली की गेलेली परवानगी परत मिळते.

कुणी म्हणेल, परदेशातल्या माणसाला आपल्या शिवारातला व्हिडिओ कुठे दिसतोय? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची आठवण करा. आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून त्यांनी एचएमटी भात उभा केला. तांदूळ कुठल्या कुठे पोचला, पण तो खाणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक होते? ते २०१८ साली गेले. एचएमटी हे नाव मनगटी घड्याळाचे, हे लोकांना चटकन कळते. निवड कुणाची, ते सांगावे लागते. नाव न लागल्याचे दुःख काय असते हे शेतकऱ्याला दुसऱ्याने शिकवायला नको. आपल्या कार्यालयांच्या प्रत्येक व्हिडिओत ही श्रेयाची ओळ सक्तीची व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीजप्रक्रियेचा तो व्हिडिओ मी नव्याने केला आहे. मागे ‘बाय’ परवान्याची बासरी आहे, खाली वादकाचे नाव आहे. १० किलो बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबी प्रत्येकी २५० ग्रॅम, बुरशीनाशकाच्या नंतर, हे वाक्य त्यात दोनदा ऐकू येते.