पाहुण्यांची यादी

२०२५ सालच्या चैत्रात मला सहा घरची आमंत्रणे आली. आमच्या लहानपणी आमंत्रण म्हणजे शेजारची एखादी फ्रॉकमधली पोर दारात उभी राहून "संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचंय" असे एका दमात म्हणे आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या दाराकडे पळे. आता आमंत्रण फोनवर येते आणि त्यावर आंब्याचे चित्र असते. खाली कलमे असतात. मँगो थीम. पिवळ्या साडीत यावे. बरोबर सहाला तंबोला. एका घरी कोकण होते. तिथे गौर पुठ्ठ्याच्या होडीत बसवली होती. दुसऱ्या घरी आजोळ होते. तिथे दाराशी बैलगाडीचे चाक भाड्याने आणून टेकवले होते आणि त्याला हात लावून प्रत्येकीने फोटो काढून घ्यावयाचा होता. मीही काढून घेतला. चांगला आला.

या प्रकाराची टवाळी करणे फार सोपे आहे. 'हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण', 'भाव गेला आणि भपका राहिला', अशी चार वाक्ये जुळवली की लेख उभा राहतो. तो लिहिणारे बहुधा पुरुष असतात, आणि चाळीस बायकांना पुरेल इतकी डाळ त्यांनी जन्मात कधी भिजत घातलेली नसते. मला तो लेख लिहावयाचा नाही. मी मॅट्रिकपुढे शिकलेली नाही. सकाळी शाळेतल्या बालवर्गाला शिकवते आणि दुपारी कादंबऱ्या लिहिते. बालवर्गात काम केलेल्या बाईला थीमचे वावडे असूच शकत नाही. 'उद्या सगळ्यांनी लाल कपडे घालून यायचे' असे म्हटले की एरवी फाटकाशी भोकाड पसरणारे मूलही हसत आत येते. मोठ्या बायकांनाही वर्षातून एकदा तसे हसत यावेसे वाटले, तर त्यात कुणाचे काय गेले?

शिवाय ही कल्पना आपल्याला नवी नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे चांगली महिनाभर, माहेरी राहते. त्या महिन्यात सोयीचा दिवस पाहून, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, घरोघर हळदीकुंकू होते. त्याचा थाट आठवून पाहा. दारात चैत्रांगणाची रांगोळी, तिच्यात पाळण्यातली गौर, चंद्र, सूर्य, शंख, चक्र, कमळ, तुळशीवृंदावन, गोपद्मे, हत्ती, कासव. आत पायऱ्यांची आरास, तिच्यावर कलिंगड कातरून केलेले कमळ, करंज्या, चकल्या, कडबोळी, आणि खालच्या पायरीशी पोरांनी मांडलेला खेळण्यांचा गाव. आलेल्या बाईच्या हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, केसांत मोगरा, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि मग आंबेडाळ व पन्हे. कैरी उन्हाळ्याची, मोगरा उन्हाळ्याचा, कलिंगड उन्हाळ्याचे. उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून केलेले पन्हे रणरणत्या उन्हातून आलेल्या माणसाला कसे लागते, ते सांगावयास नको. ज्या बायकांनी हा बेत पहिल्याने आखला त्यांना थीम हा शब्द ठाऊक नव्हता. ती वस्तू मात्र त्यांना आजच्या चाके भाड्याने देणाऱ्यांपेक्षा चांगली कळली होती.

तेव्हा माझा आक्षेप थीमवर नाही, तंबोल्यावर नाही, पुठ्ठ्याच्या होडीवरही नाही. माझा आक्षेप पाहुण्यांच्या यादीवर आहे. माझ्या देखत या समारंभातले जवळजवळ सगळे बदलले. द्रोण गेले आणि कागदी वाट्या आल्या. हरभऱ्यांच्या जोडीला प्लास्टिकचे डबे आले. मंगळवार-शुक्रवारचा आग्रह सुटला आणि नोकरीवाल्यांच्या सोयीचा रविवार चालू लागला. एका घरी तर गौरीपुढच्या पायरीवर केक पाहिला. यादी तेवढी आजीच्या वेळची राहिली. तिच्यात विधवा नाही.

हे मी लोकांच्या घराविषयी लिहीत नाही. त्याच एप्रिलातल्या एका शुक्रवारी मी माझ्या घरी हळदीकुंकू केले. पिवळ्या साडीचा नियम मीही घातला होता. माझी आई चार दिवस आधी आली. तिचे वय एकाहत्तर. आंबेडाळ तिनेच करावयाची हा आमचा रिवाज आहे. डाळ किती भिजली, किती भरडसर ठेवावयाची, कैरी किती आंबट आहे आणि त्या मानाने साखर किती, हे तिला नुसत्या हाताला कळते. सकाळपासून तिने चाळीस जणींची डाळ वाटली, कैऱ्या किसल्या, पन्ह्याचा गर गाळला, फोडणी करून ती गार करावयास ठेवली. साडेचारला तिने हात धुतले, मोगऱ्याची परडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मी आत बसते हं. काही लागलं तर हाक मार." आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतले.

मी तिला थांबवले नाही. ती आत जाणार हे मी धरूनच चालले होते. सकाळी खुर्च्या मोजल्या तेव्हा तिची खुर्ची मी मोजलीच नव्हती.

पाळण्याशेजारच्या मानाच्या खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या. त्या आईहून वर्षाने मोठ्या. स्वभावाने प्रेमळ, विहीणबाईंच्या डाळीची येईल त्या बाईपाशी तोंडभर तारीफ करीत होत्या. माझ्या वडिलांना आणि सासऱ्यांना दुखणे एकच, हृदयाचे. सासरे वेळेवर इस्पितळात पोचले, शस्त्रक्रिया झाली, ते आज सकाळी फिरावयास जातात. वडील २०१९ साली वाटेतच गेले. या दोन म्हाताऱ्यांत फरक आहे तो एवढा. एकीच्या अंगी मांगल्य कोठून आले आणि दुसरीच्या अंगचे कोठे गेले याचा माग काढीत गेले, तर तो एका रुग्णवाहिकेपाशी येऊन संपतो. एक वेळेवर आली, दुसरीला उशीर झाला. आणि त्या उशिराची शिक्षा आम्ही मरेपर्यंत माझ्या आईला देत राहणार.

माझी सहा वर्षांची भाची सारखी आतबाहेर करीत होती. तिने चारचौघींत मला विचारले, "आत्या, आजी पिवळी साडी नेसली नाही म्हणून तिला आत बसवलंय का?" मुलांचा हिशेब सरळ असतो. नियम मोडला असेल, म्हणून शिक्षा झाली असेल. दोघीतिघी हसल्या. मी म्हटले, "आजी दमलीय." पोरीने माझ्या कपाटातली पिवळी ओढणी काढली आणि ती घेऊन आत गेली. थोड्या वेळाने ओढणी तशीच हातात घेऊन परत आली. त्यानंतर मी तिच्याच हाती एका ताटलीत आंबेडाळ आणि पन्ह्याचा पेला आत पाठवला. जिने केली तिलाच.

आता या यादीची बाजू घेणारे काय म्हणतात ते पाहू. सांगणाऱ्या बायका माझ्याच ओळखीच्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक सबब मीही कधी ना कधी दिलेली आहे.

पहिली सबब धर्माची. 'हा सवाष्णींचा समारंभ. बाकीच्यांसाठी वेगळी पार्टी करा.' ठीक. पण गौर चैत्रात कोठे येते? माहेरी. माहेर म्हणजे काय हे मी कोणत्याही सासुरवाशिणीला सांगावयास नको. माहेर म्हणजे आई. लेक घरी आली म्हणून तिला झोपाळ्यावर बसवावयाचे, गारगार खाऊपिऊ घालावयाचे, शेजारणींना बोलावून तिचे कौतुक करावयाचे, असा हा सण. आणि त्याच सणात लेकीच्या आईला दाराआड बसवावयाचे! ज्या गौरीपुढे आम्ही ही डाळ ठेवतो तिला हे कसे आवडत असेल, याचा विचार धर्माचे नाव घेणाऱ्यांनी करावा.

दुसरी सबब अशी, की 'त्यांनाच यावेसे वाटत नाही हो. आम्ही कुठे नको म्हणतो?' हे खरे आहे, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. माझ्या वर्गात वर्षानुवर्षे मी पाहिले आहे. एखाद्या मुलाला दोन महिने प्रश्न विचारू नका. तिसऱ्या महिन्यात ते हात वर करणे सोडते. मग आपण शेरा लिहावयाचा, की मूल आपण होऊन भाग घेत नाही. माझ्या आईने तिच्या आजीला आत बसलेले पाहिले, काकूला पाहिले, आणि वेळ आली तेव्हा ती न सांगता उठली. 'यावेसे वाटत नाही' असे म्हणावयाचा अधिकार ज्यांनी कधी बोलावले त्यांना आहे. आम्ही बोलावलेच नाही.

तिसरी सबब, 'लोक काय म्हणतील?' हे लोक कोण? याच चाळीस जणी. त्यांनी गौरीपुढचा केक मुकाट्याने खाल्ला. त्यांना हळदीकुंकवात तंबोल्याचे आकडे ओरडलेले चालले. या बायकांच्या सहनशक्तीवर माझा फार विश्वास आहे. खुर्चीवर बसलेली एक म्हातारी त्यांना खचित पचेल.

चौथी सबब सुधारकांची. 'हे प्रश्न केव्हाच सुटले. आता कुठे राहिले आहे तसले काही?' पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचे ठरवले. ज्यांचे पोट वस्तऱ्यावर होते त्यांनी वस्तरा खाली ठेवला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी लग्न केले; त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले, आणि १९५८ साली देशाने त्यांना भारतरत्न दिले. आमच्या सांगलीपासून फार दूर नाही असे हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवावयास सांगितले. २०२३ च्या एप्रिलात तर राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरावा अशी सूचना पुढे आणली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. १८५६ पासून इतके सारे झाले. पण कायदा, ठराव किंवा मंत्री यांच्यापैकी कोणीही माझ्या घरी येऊन माझ्या पाहुण्यांची यादी लिहीत नाही. ती मी लिहिते, माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात बसून. म्हणून या एका गोष्टीचा दोष मला सरकारवर, समाजावर किंवा पुरुषांवर ढकलता येत नाही. आमच्या घरात यादी करताना एकाही पुरुषाने तोंड उघडले नव्हते.

आणखी एका प्रकाराविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. हल्ली विधवांचे वेगळे हळदीकुंकू करण्याची पद्धत निघाली आहे. हेतू चांगला असतो, आणि पहिले पाऊल म्हणून ते टाकणाऱ्यांना मी नमस्कार करते. पण दरवर्षी तेच पाऊल टाकीत राहिले तर माणूस पुढे जात नाही. त्या सभागृहात बायका रांगेने बसतात, पाहुण्या येऊन कुंकू लावतात, छायाचित्रे निघतात, आणि त्याच पाहुण्या आपल्या घरच्या चैत्रगौरीला पुन्हा जुनीच यादी काढतात. ही वेगळी पंगतच झाली. माझ्या आईला रडवे भाषण नको आहे आणि सत्काराचा नारळही नको आहे. तिला इतर बायकांमध्ये बसून तंबोल्यात पाच-दहा रुपये जिंकावयाचे असतील. तिला आपली डाळ लोक खाताना त्यांची तोंडे पाहावयाची असतील. वैधव्य ही काही थीम नव्हे.

करावयाचे ते फार थोडे आहे. यादी करताना नावामागचे 'सौ.' काढून टाकावे आणि गल्लीतल्या घरांच्या क्रमाने नावे लिहावी. जिला नवरा नाही, जिने सोडला, जिने केलाच नाही, ती आपोआप यादीत येते. हळदीकुंकवाची कोयरी सगळ्यांपुढे सारखी धरावी. लावून घ्यावयाचे की नाही ते ज्या त्या बाईने ठरवावे. तिने मान हलवली तर अत्तर लावावे आणि पुढे जावे. बाकी साडी पिवळी असो की हिरवी, होडी असो की बैलगाडी, ज्याची त्याने हौस करावी.

दसऱ्याच्या सुमारास मी आईला फोनवर हे सगळे सांगितले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अगं, आता या वयात कशाला ते नवीन? तू आपली डाळ भिजत घाल, मी येऊन वाटून देईन." मी तिला सांगितले, की येत्या चैत्रात डाळ मी वाटणार आहे. तिने पाळण्याशेजारी सासूबाईंच्या जोडीला बसावयाचे आणि नुसती खावयाची. ती म्हणाली, "तुला जमायची नाही. मीठ जास्त घालशील." मी म्हटले, घालीन. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "पिवळीच साडी नेसायची का?"